काही, जामुनी आणि आमचा नवा मॉनिटर

स्टुडिओत किस्से कसे साठतात माहीत आहे? न नेलेल्या पासपोर्ट फोटोंसारखे! माणूस आठ कॉप्या काढतो, चार नेतो, उरलेल्या चार आमच्या ड्रॉवरमध्ये. कुणी मागायला येत नाही आणि टाकून द्यायला आपला हात धजत नाही. परवा तो ड्रॉवर बंद होईना म्हणून आवरायला बसले, तर मॉनिटरचं वॉरंटी कार्ड हाती लागलं. झालं! आवरणं राहिलं बाजूला आणि मी एकटीच हसत बसले.

आधी मंडळींची ओळख करून देते. जबलपूरला चेरीतालमध्ये भाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. भाऊ आमचे मालक. घराणं कित्येक पिढ्या जबलपुरातलं, पण घरात मराठी. फिल्मच्या जमान्यापासून या धंद्यात असल्यामुळे "रंग मशीन नाही सांगत, डोळा सांगते" हे त्यांचं ठाम मत. स्टुडिओच्या मागेच घर. तिथे वहिनी असतात, आणि वहिनींचे कान कायम स्टुडिओत असतात. मी मृणाल, मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली, मला फोटो एडिटिंग येत होतं, म्हणून भाऊंकडे चिकटले.

राहिले सिहोऱ्याचे सेठजी. त्यांचा साड्यांचा धंदा, हल्ली जास्त करून ऑनलाइन. साड्यांचे फोटो आम्ही काढतो. लग्नाचे फोटो अर्धेअधिक मोबाईलवर निघायला लागल्यापासून आमचा स्टुडिओ सेठजींच्या साड्यांवरच उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

*

आमचा जुना मॉनिटर कुठल्याशा ऑफिसात बिलं करायला होता तो आमच्याकडे आलेला. त्याची गंमत अशी की समोरून पाहिलं तर साडी मरून, जरा बाजूला सरकलं तर चॉकलेटी! मी आणि भाऊ शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायचो आणि तासन् तास भांडायचो.

"मरून आहे."

"चॉकलेटी आहे बेटा, काहून वाद घालून राहिली?"

मग एक दिवस आम्ही सहज खुर्च्या बदलल्या, तर मला चॉकलेटी दिसली आणि भाऊंना मरून. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघंही बरोबर होतो, फक्त साडी चूक होती.

*

सेठजी प्रत्येक गठ्ठ्याबरोबर रंगांची यादी पाठवतात, स्वतःच्या हातानं लिहिलेली. फोटो काढून साड्या परत गेल्या की एडिटिंगच्या वेळी आम्हाला त्या यादीचाच आधार. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. सात नंबरची साडी पडद्यावर धड हिरवी नाही, धड तपकिरी नाही. यादीत पाहिलं तर सात नंबरपुढे लिहिलेलं, "काही".

मला वाटलं, सेठजींनाही कळला नसेल! मी भाऊंना विचारलं, "भाऊ, सात नंबरचा रंग कोणता?"

"काही."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काही!"

"अहो भाऊ, काहीही करून कसं चालेल? लोक साड्या परत पाठवतायत!"

"काहीही नाही ना! फक्त काही!"

आम्ही दोघंही आता रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "अगं, शेवाळी, शेवाळी! इकडे त्याला काही म्हणतात!"

मी मुकाट्यानं साडी शेवाळी केली. पण आजही कुणी "काही हवंय का?" विचारलं की मला ब्लाउजपीससुद्धा दिसायला लागतो.

*

एका दुपारी सेठजी स्वतः आले. चहा घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. त्यांनी मोबाईल काढला आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेलं एकेक वाचायला सुरुवात केली. "फोटो में गाजरी थी, घर आई तो टमाटर." "जामुनी मँगाई थी, बैंगन आया." नागपूरच्या एका बाईंनी तर मराठीत लिहिलं होतं, "डाळिंबी मागवली, विटकरी आली. नवरा म्हणतो, बरी आहे. नवऱ्याला काय कळतं?"

मग सेठजींनी मोबाईल खिशात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, दीवाली का लॉट आपको ही दे रहा हूँ. पर एक भी साड़ी रंग की वजह से लौटी, तो अगली बार से दूसरा स्टुडिओ देखना पड़ेगा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं! सेठजी गेल्यावर भाऊंनी जुन्या मॉनिटरकडे एकदा समोरून, एकदा बाजूनं पाहिलं. मग म्हणाले, "चलो मृणाल, मॉनिटर घेऊ. पण स्वस्तातला."

*

मी आठ दिवस अभ्यास केला. पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे खुर्ची बदलली तरी रंग बदलणार नाही. एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या पडद्यांवर दिसणाऱ्या रंगांचा पट्टा, पूर्ण शंभर टक्के हवा. आणि डेल्टा-ई दोनच्या खाली, म्हणजे पडद्यावरच्या रंगात आणि खऱ्या रंगात डोळ्याला फरक कळू नये. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून आम्ही कॉम्प्युटरवाल्या तिवारीजींकडे गेलो. भाऊंनी पुरावा म्हणून वहिनींच्या साडीचा एक ब्लाउजपीस पिशवीत घेतला होता.

तिवारीजींनी आधी दुकानातला सगळ्यात लखलखणारा मॉनिटर लावला. "भैया, इसमें सोलह मिलियन कलर हैं!"

भाऊ म्हणाले, "मुझे छह चाहिए. पर सही."

दुसरा गेमिंगचा निघाला. "एक सौ पैंसठ हर्ट्झ! कितना भी तेज़ हिले, फटेगा नहीं!"

"हमारी साड़ियाँ हिलती नहीं जी."

तिसरा वाकलेला, कर्व्ह वाला. तो पाहून भाऊंनी मला मराठीत विचारलं, "पडला होता का गं हा?"

शेवटी कोपऱ्यातला एक चोवीस इंची, साधासुधा मॉनिटर मी ओढून काढला. चिठ्ठीतलं सगळं त्यात होतं, वर कंपनीत रंग तपासल्याचा कागदही जोडलेला. आणि आमच्या बजेटात बसत होता! भाऊंनी पडद्याला ब्लाउजपीस लावून पाहिला आणि मान डोलावली. तिवारीजी मात्र हिरमुसले. "भैया, इसमें पीछे लाइट-वाइट कुछ नहीं जलती."

"पीछे बैठेगा कौन?" भाऊ म्हणाले, आणि खोकं उचललं.

*

नवी वस्तू घरात आली की वहिनी तिची पूजा करतात. मिक्सरची केली, गॅसची केली, मॉनिटरची का नाही करणार? मी वायरी जोडून हात धुवून येईपर्यंत त्यांनी अक्षता टाकून पडद्याच्या बरोब्बर मधोमध हळदकुंकू लावलं होतं! माझा चेहरा पाहून त्यांनी लगेच पदरानं पुसलंही. "हे घे. काय एवढं!"

मी एका मैत्रिणीकडून कॅलिब्रेटर उसना आणला होता. मुठीएवढं यंत्र, पडद्यावर मध्यभागी टांगायचं. ते रंग मोजतं आणि मॉनिटर चुकत असेल तर त्याला सरळ करतं. अर्धा तास मॉनिटर गरम होऊ दिला, सगळं पुस्तकातल्यासारखं केलं, यंत्र टांगलं. काम झाल्यावर एका लग्नाचा अल्बम उघडला तर काय! नवरा, नवरी, भटजी, सगळे निळसर! अख्खं वऱ्हाड थंडीनं काकडलेलं!

दोन दिवस मी सेटिंग उलटीपालटी केली. तिसऱ्या दिवशी सहज पडदा ओल्या फडक्यानं पुसला, तर फडकं पिवळं झालं. पदरानं कुंकू गेलं होतं, हळद नव्हती गेली! यंत्राला वाटलं हा मॉनिटर पिवळा आहे, म्हणून त्यानं इमानदारीनं निळा वाढवला होता.

वहिनींना सांगायला गेले तर त्या उलट खूश! "म्हणजे यंत्र खरं निघालं ना? हळद लावली तर त्याला हळदच दिसली!"

*

मझौलीच्या एक मराठी काकू मुलीचा स्थळांसाठी फोटो काढून घ्यायला आल्या. मुलगी शाळेत शिक्षिका. मराठी समजते, बोलते हिंदीत. मी फोटो नव्या मॉनिटरवर लावला. इतका सुंदर, अगदी ती जशी होती तसा! काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, थोडी उजळ करून द्या ना. एकदम नाही, थोडीशीच."

मुलीनं ऐकलं. तिनं मला गोड आवाजात विचारलं, "दीदी, बाहर बोर्ड पर लिखा है ना, यहाँ एकदम असली रंग मिलता है?"

"हो."

"बस तो फिर. लड़का उजला लगे तो उसको थोड़ा असली कर देना."

काकूसुद्धा हसल्या. फोटो तसाच गेला. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की मी तिला दोन कॉप्या जास्त दिल्या. त्या तेवढ्या ड्रॉवरमध्ये उरल्या नाहीत.

*

आता भाऊंच्या शर्टाचं सांगते. भाऊ कायम पांढरा शर्ट घालतात. गेल्या वर्षी त्यांनी वहिनींच्या मागे लकडा लावला, "हे कपडे पिवळे काहून पडून राहिले? नीळ जास्त टाकत जा." वहिनींनी थोडी टाकली. "अजून पिवळा आहे." अजून टाकली. साबण बदलला, ट्यूबलाइट दोनदा बदलली, तरी भाऊंचा शर्ट भाऊंना पिवळाच!

आम्हाला मात्र भाऊ दिवसेंदिवस आकाशी दिसायला लागले. गल्लीत कुणीतरी त्यांना विचारलंही म्हणे, "भाऊ, ड्रेस बदल लिया क्या?" शेवटी वहिनींनी निळीची बाटलीच भाऊंपुढे ठेवली. "आता तुम्हीच टाका. पण अजून टाकली तर शर्ट नाही राहणार, जीन्स होईल!"

*

तेवढ्यात दिवाळीचा लॉट आला. चाळीस साड्या. भाऊंचा नियम असा की एडिटिंग मी करायचं, शेवटचा ओके त्यांचा. आणि प्रत्येक साडीला त्यांचं एकच, "पिवळी दिसून राहिली. निळा वाढव."

"भाऊ, कालच कॅलिब्रेट केलाय."

"मशीनला काय समजते बेटा? डोळा सांगते!"

पडद्याला अजून हळद लागलीय या संशयानं ते रोज सकाळी स्वतः फडकं मारायचे आणि वहिनींकडे एक नजर टाकायचे. मला दिसत होतं, गुलाबी जांभळी होतेय, पोपटी मोरपंखी होतेय. हा लॉट असाच गेला तर अर्ध्या साड्या परत येणार आणि सेठजी कायमचे जाणार! पण चाळीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला कसं सांगू की तुमचा डोळा चुकतोय? मनात मी त्यांना हट्टी म्हणत होते, चार-पाचदा चांगली चिडलेही.

चाळिसाव्या साडीवर आमचं जुंपलं. ती मोत्याच्या रंगाची, जरा साय मिसळल्यासारखी पांढरी. यादीत सेठजींनी लिहिलं होतं, "मोतिया". मी म्हटलं, "भाऊ, यादी तरी बघा."

"यादी राहू दे. सेठजींनाच विचारतो." भाऊंनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे दुकानात दिवाळीची झुंबड, नुसता गलका.

"सेठजी, वो आखिरी वाली में कुछ गड़बड़ है. मुझे तो सब पीला-पीला दिख रहा है."

"मोतिया है भाऊ!" सेठजी गर्दीतून ओरडले. "सीधा-सीधा मोतिया है! चाहे जिसको दिखा लो!"

आणि फोन ठेवला.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक डोळा झाकून पडद्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. मी यादी पुढे करायला हात उचलला होता, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हात तसाच खाली आला. इकडे मोतीबिंदूलाही मोतियाच म्हणतात. इतके दिवस मी ह्यांना हट्टी म्हणत होते!

"बाकीचं तू पाहून घे, मृणाल," ते उठत म्हणाले. "तुला दिसते तसं."

माझ्या नोकरीत पहिल्यांदाच शेवटचा ओके माझा होता. मी चाळीसच्या चाळीस साड्यांमधला वाढवलेला निळा काढला आणि लॉट पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ वहिनींना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! उजवा तर चांगलाच पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, "आपको पहले शक कब हुआ?" भाऊ म्हणाले, "मुझे कहाँ हुआ साहब, सिहोरा के सेठजी को हुआ."

दिवाळी झाली. दोन साड्या परत आल्या, पण त्या ब्लाउजपीस आखूड म्हणून. रंगासाठी एकही नाही! पुढे भाऊंची दोन्ही ऑपरेशनं झाली, काळा चष्माही सुटला, आणि मग एका सकाळी सेठजी नवा गठ्ठा घेऊन आले. भाऊ खुर्चीतून उठले. हात जोडले. पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यापुढे धरला.

"सेठजी, मान गए आपको! मोतिया आपने फोन पर ही पकड़ लिया!"

सेठजींनी पेढा तोंडात टाकला. "पकड़ेंगे कैसे नहीं, भाऊ? उमर भर और किया क्या है!"

भाऊ माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"पाहिलं, मृणाल? याला म्हणतात नजर!"