शाळेत हत्ती आला तेव्हा

थंडी पडली की आमच्या चामराजपेटच्या घरी अवरेकाई, म्हणजे इकडचे कानडी पावटे, येतात. आदल्या दिवशी भिजत घालायचे आणि सकाळी चिमटीत दाबून दाणा सालीतून उडवायचा. परात मध्ये ठेवून बायको आणि मी समोरासमोर बसतो. ती शिकवते त्या शाळेतल्या गोष्टी सांगते, मी ‘हं’ म्हणतो. मुलांसाठी बैठे खेळ तयार करणं हे माझं काम, आणि त्यातले बरेचसे खेळ मला या परातीपाशीच सुचले. थोडक्यात, ‘हं’ म्हणणारा मी तिथे नसायचोच. हे तिला कधी सांगितलं नाही. शेजारच्या अक्कांना ती सांगायची, “आमचे हे किती ऐकून घेतात!” मी मान खाली घालून दाणे दाबत राहायचो.

परवा आम्ही दोघं मेंदूवरच्या एका व्याख्यानाला गेलो. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, मेंदूत एक जाळं मोकाट भटकणारं असतं आणि दुसरं लक्ष एकवटणारं. एरवी एक पुढे झालं की दुसरं मागे सरतं. नवं काही सुचताना मात्र दोन्ही मिळून राबतात. एक वाट्टेल ते गोळा करून आणतं, दुसरं त्यातलं कामाचं निवडतं. हाताला सवयीचं काम असलं की भटकणाऱ्याला मोकळीक मिळते म्हणे. बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं.

रविवारी परातीपाशी बोलूनच टाकलं. भीती एकच होती, ही आता माझ्याशी बोलायची बंद होईल.

“मी ऐकत नव्हतो गं. इतकी वर्षं.”

“ठाऊक आहे. मागच्या रविवारी मी म्हटलं, शाळेत हत्ती आला आणि गेटवरच्या अण्णांनी त्याला ओळखपत्र मागितलं. तुम्ही ‘बरं केलं’ म्हणालात!”

हत्ती तिच्या नाटकातला होता, हे मला तेव्हा कळलं. दरवर्षी शाळेत ती मुलांचं नाटक बसवते, ते सगळं माझ्यासमोर बोलत बोलत रचलेलं.

“मग अक्कांपाशी ते कौतुक?”

“टोमणा होता तो.”

“आणि मला थांबवलं का नाहीस?”

“ऐकलं असतंत तर सल्ले दिले असतेत. तुमच्या ‘हं’वर माझं छान चालतं. आता गप बसा, हत्ती गेटवरच अडकलाय.”

ती बोलू लागली. मी पहिल्यांदाच सगळं ऐकलं, आणि तिला कळू नये म्हणून अधूनमधून ‘हं’ म्हणत राहिलो. खेळ मात्र त्या दिवशी एकही सुचला नाही.