फौजीच्या घरचा फिरता कॅमेरा

"उतर! आरं मुडद्या, उतर म्हणते न्हवं! त्या कॅमेऱ्याला हात लावलास तर शिडी ओढीन खालनं!"

मी शिडीच्या टोकाला, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं पत्र्याचा अँगल धरलेला. खाली हौसामावशी शिडीचे दोन्ही पाय धरून अशा गदागदा हलवत होत्या, की झाडावरचे आंबेसुद्धा माझ्याआधी पडले असते.

"मावशी, नुसतं बघतोय हो!"

"बगायला त्यो हाय वर. तू कशाला?"

'त्यो' म्हणजे त्यांचा मुलगा संदीप. फौजेत हवालदार होता. ह्या दिवसाच्या तीन-चार महिने आधी तिकडं डोंगरात ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली आणि संदीप गेला.

थांबा, माझी ओळख राहिली. मी इस्लामपूरचा. कॅमेरे लावतो आणि बिघडले की दुरुस्त करतो, सांगलीपासून पार साताऱ्यापर्यंत. थापाड्या म्हणून मला सगळे ओळखतात, ते मी नाकारत नाही. कोयनानगरला मी बसवलेला कॅमेरा भूकंपात तसूभर हलला नाही, असं मी सांगतो. दुसरा चहा मिळाला तर अख्खी बिल्डिंग त्या कॅमेऱ्याला धरून उभी राहिली, असंही सांगतो. पण भुताखेताची थाप मी कधी मारली नाही, कारण भुतांनी माझा वेळ फार खाल्लाय. "कॅमेऱ्यात पांढरं कायतरी फिरतंय" असा फोन आला की मी आधी खिशातलं फडकं काढतो. कोळ्याचं जाळं पुसलं की भूत गेलं! असलं काही मानत नव्हतो, आणि आजही मानतो असं म्हणवत नाही... तुम्हीच वाचा.

तर हे घर कवठे महांकाळच्या बाहेर, मळ्यातली वस्ती. पुढं द्राक्षबाग, मागं गोठा, घरात सासू-सून दोघीच. कॅमेरा मीच बसवलेला, संदीप सुट्टीवर आला होता तेव्हा. आमच्याकडं फौजींच्या घरी ही आता रीतच झालीय. सुट्टी संपायच्या आत अंगणात एक फिरता कॅमेरा लागतो, स्पीकरवाला. मग पोरगं तिकडं बर्फात बसून मोबाईलवर घर फिरवून फिरवून बघतं आणि स्पीकरमधून आईला विचारतं, जेवलीस का. संदीपचा तर छंदच होता. मावशींना शुगर, त्यात डाव्या पायाला जखम. डॉक्टरांनी अनवाणी फिरायला सक्त मनाई केलेली. त्या गोठ्याकडं निघाल्या की कॅमेरा वळायचा, पायांवर झूम व्हायचा, आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा आवाज यायचा, "आई, चपला कुठायत?"

हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मला फोन केला होता सुनेनं, रूपालीनं.

"दादा, कॅमेरा आपला आपण फिरतोय. ह्यांचा मोबाईल माझ्या कपाटात बंद पडलाय. मग कोण बघतंय आमाला? मी ह्याच अंगणातनं न्हाणीकडं जाते. घरात बाप्या माणूस न्हाई..."

भुताची तक्रार असती तर मी आठवडाभर टाळलं असतं. ही तशी नव्हती. तिच्या मते कुणीतरी जिवंत माणूस बघत होता, आणि तो पकडायचा होता. सासूचं म्हणणं वेगळं, तो संदीपच. म्हणून कॅमेरा रिसेट करायचा नाही, काढायचा नाही, शिडीसुद्धा लावायची नाही.

"आत्या, उतरू द्या त्यांना. खालनंच बघतील," रूपाली सासूला म्हणाली. तेव्हा कुठं शिडी थांबली.

खाली येऊन अंगणातल्या कट्ट्यावर बसलो आणि मोबाईलवरची माझी हत्यारं काढली. एक ॲप नेटवर्कवर कोणकोण आहे ते शोधतं. एक कॅमेऱ्याच्या आत शिरून कोण लॉगिन आहे ते दाखवतं. नेटवर्कवर कॅमेरा आणि मी. लॉगिन फक्त मी. पासवर्ड बदलला. माणसामागं आपोआप फिरायची सोय त्या मॉडेलात नाहीच. ठरावीक वेळी फिरायची सेटिंग असते, ती बंद. तरी राउटरमधलं सिम काढून रूपालीच्या हातात दिलं.

"आता ह्या कॅमेऱ्याचा जगाशी संबंध संपला, ताई. आता बघायचं तर त्याला ह्या कट्ट्यावर माझ्या मांडीवर बसावं लागंल."

ती पहिल्यांदा थोडं हसली.

वैरणीची वेळ झाली होती. मावशी पेंडी काखेत मारून गोठ्याकडं निघाल्या. घरातल्या घरात वायफाय चालू होतं, त्यावर माझ्या स्क्रीनवर गेट दिसत होतं. माझा अंगठा हवेत, स्क्रीनला लागलेला नाही, हे मी आईची शपथ घेऊन सांगतो. गेट सरकलं. बाग सरकली. गोठ्याची भिंत आली, मावशींचं लुगडं आलं, आणि चित्र खाली गेलं. पायांपाशी थांबलं. मोठं झालं. अनवाणी पाय, मळकी पट्टी, पट्टीच्या कडेला ओलं.

वर कॅमेऱ्याच्या स्पीकरमध्ये खर्र झालं. पलीकडून कुणी बोलायचं बटण दाबलं की होतं ना, तसं. मग काही नाही. आवाज आला नाही. आम्ही तिघंही वर बघत राहिलो... बटण दाबलेलंच होतं, खरखर चालूच होती, आणि कुणी बोलत नव्हतं.

"घालते रं बाबा," मावशी म्हणाल्या. एवढी शिडी हलवणारी बाई, पण आवाज एकदम लहान मुलीसारखा. पेंडी तिथंच टाकली, दारात गेल्या, चपला घातल्या.

खरखर थांबली. कॅमेरा सावकाश वळला आणि गेटावर जाऊन बसला.

मावशी वर कॅमेऱ्याकडं बघत राहिल्या. मग पायांतल्या चपलांकडं बघितलं. मग पुन्हा वर.

रूपाली माझ्या शेजारी खाली बसली, सिम मुठीत घट्ट धरून. चपलांचं सगळं मला तिनंच तेव्हा सांगितलं, हुंदके देत, तुटक तुटक. "हे आमच्या वस्तीबाहेर कुणालाच म्हाईत न्हाई वो दादा."

"मोटर गंडली असंल," मी म्हणालो. आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, पण इतकी लंगडी थाप माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती. "रिसेट मारू?"

जिनं मला बोलावलं होतं तीच म्हणाली, "नको. असू द्या."

मी शिडी गाडीवर बांधून निघालो. आल्यावर कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं. तिथल्या पोरीनं कॅमेरा बंद करून चालू करायला सांगितलं. धंद्यातल्या जाणत्यांना विचारलं, ते म्हणाले, आज काय घेतलंयस? ज्याला सांगावं तो हसतो, कारण सांगणारा मी. मला आजपर्यंत कारण सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

मध्ये बरेच दिवस गेले. एकदा धीर करून रूपालीला फोन केला. मावशींची चौकशी केली. पायाचं बोट काढावं लागलं, म्हणाली. जखम भरत नाहीये.

मी विचारलं, "आणि कॅमेरा? अजून फिरतो?"

"रोज फिरतोय," ती म्हणाली. "आत्या चपलाच घालीत न्हाईत."