दिघीची नापास बंदूक

आगरदांड्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हाच मी पुरता पिचलो होतो. सैन्याने ज्या बंदुका कधी घेतल्याच नाहीत, त्यांच्यावर पुस्तक लिहायची दुर्बुद्धी मला कुणी दिली कोण जाणे! जंगलजेटी (माणसं आणि गाड्या एकदमच पलीकडे नेणारी बोट) भरेपर्यंत उन्हात ताटकळलो.

दिघीला उतरलो तर खानावळ बंद. सर्वपित्री अमावास्या आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "पितरं जेवल्याबिगर आज कोन न्हाय जेवत. तुमाला कोन घालनार?"

मला जायचं होतं सुलोचनाकाकूंच्या वाडीत. त्यांचे दिवंगत यजमान सरकारी शस्त्रकारखान्यात नकाशे काढत. त्यांनी एक विचित्र आखूड रायफल आखली होती. गोळ्यांचा खोका चापाच्या मागे, थेट दस्त्यात. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची, बंदूक मात्र आटोपशीर. घोड्याने पेंड खाल्ली ती चाचणीत. डाव्या खांद्यावरून झाडली की तापलेली रिकामी काडतुसं जवानाच्या गालावर! दोन-चार नमुन्यांपलीकडे ती गेली नाही. हे काकूंना कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने जीव आणखी थकला.

पोफळींच्या सावलीत काकू केळीच्या पानांवर वडे, खीर, अळू वाढत होत्या. कावळ्यांसाठी त्यांनी गडग्यावर (दगडी कुंपणावर) दोन पानं ठेवली. एक यजमानांचं.

"आणि हे दुसरं?" मी विचारलं.

"यांच्या बंदुकीनं मेलेल्यांचं. नावं कुठं ठाव हायत? इचारलं तर सरकारी गुपित हाय म्हनायचे नि तोंड फिरवायचे. म्हनून दरसाल वाढते." मग अडखळत म्हणाल्या, "तुमी त्यातले जानते. किती मेले वो?"

"एकही नाही, काकू. चाचणीत नापास झाली ती. सैन्यात गेलीच नाही."

काकू गडग्याला टेकून खालीच बसल्या. "व्हय? नक्की?"

"नक्की."

पदर डोळ्यांना लावून त्या हसल्या आणि लगेच भडकल्या. "नापास झालो म्हनायला लाज वाटली व्हय यांना! नि मी हितं दुसऱ्यांच्या पोरांसाठी जीव जाळत बसले!" तणतणत उठल्या, दुसऱ्या पानावरचा वडा उचलला आणि यजमानांच्या पानावर ठेवला.

मला त्यांनी पोटभर जेवू घातलं. निघताना म्हणाल्या, "पुस्तकात नापासच लिवा. मोठ्या अक्षरांत."

परतीच्या बोटीत पाय ठणकत होते, पण मन हलकं होतं. आजवर गेलो त्या प्रत्येक घरी 'आमच्या माणसाचं अपयश जरा झाकून लिहा' अशीच विनवणी ऐकली होती. ही बंदूक मी पुस्तकाच्या शेवटी कुठेतरी ढकलणार होतो. आता सुरुवात तिच्यापासूनच करीन, आणि पहिलं वाक्य असेल: या बंदुकीने कुणीही मेलं नाही.