बोटमास्तरांची तार

तारेच्या कारखान्यात त्यांना सगळे बोटमास्तर म्हणत. वितळलेल्या जस्तात बुडून लोखंडी तार चकचकीत होऊन बाहेर आली, की मास्तर ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. "ही जाड जस्ताची, लवकर गंजायची नाही; कुंपणाला, मळ्याला. ही पातळ, घरात गठ्ठे बांधायला." अहो, तपासायचं यंत्र होतं की तिथे! पण मास्तरांनी बोट लावल्यावर यंत्राला विचारतो कोण? ते म्हणतील तशी चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरातली, वेटोळ्याला लागायची.

तीस वर्षं गरम तार चोळून बोटं बधिर झाली. मास्तर हादरले. पण सांगायचं कुणाला? त्या दोन बोटांशिवाय त्यांच्यापाशी होतंच काय? मग ते नुसतं चोळल्यासारखं करायचे आणि अंदाज ठोकून द्यायचे. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

आणि एक दिवस थोरल्या ताईचा निरोप आला. तिच्या द्राक्षवेलींची तार दोनच वर्षांत गंजून तुटली होती आणि भरल्या घडांसकट मांडव जमिनीवर बसला होता. मास्तर तिच्या घरी पोचले, तेव्हा ताईचा नुसता संताप संताप झाला होता.

"तुमच्या कारखान्याची तार म्हणून मागून घेतली मी! त्या मेल्या दुकानदाराने भलतीच माझ्या गळ्यात मारली. तू चल. चारचौघांत बोट लाव आणि सांग, ही आमची नाही. मग बघते त्याच्याकडे!"

तिने जपून ठेवलेली चिठ्ठी मास्तरांनी पाहिली. 'जाड.' अक्षर त्यांचंच.

"ताई, जाऊ दे ना."

"का जाऊ दे?" लहानपणापासून त्यांच्यासाठी भांडणारी ती, आज बरी ऐकेल! दंडाला धरून घेऊनच गेली.

दुकानात माणसं जमली. दुकानदाराने तुटका तुकडा पुढे केला. "मास्तर, तुम्ही सांगाल ते मला मान्य."

ताई मोठ्या विश्वासाने बघत होती. खरं सांगायला तोंड उघडेना, खोटं सांगायला जीभ रेटेना. मास्तर सवयीने तार चोळत राहिले. ना जस्त कळलं, ना गंज.

"अरे, थांब!" ताई किंचाळली. "केवढं रक्त येतंय!"

"कुठे?" मास्तर म्हणाले.

ताईने त्यांचं बोट हातात घेतलं, चिरलेल्या जागी जरा दाबलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती दुकानदाराला एक शब्दही बोलली नाही.