माझ्याच अशिलानं मला हरवलं

अकोल्याच्या कोर्टात वीस-बावीस वर्षं वकिली केल्यावर मला महापालिकेची निवडणूक लढवायची हुक्की आली. आमचे सीनियर बाररूममध्ये चहा पिता पिता नेहमी सांगायचे की फ्रान्सची राज्यक्रांती निम्मीशिम्मी वकिलांनीच घडवली. ते ऐकून मी घरी जरा छाती फुगवून बोललो, तर बायको म्हणाली, "त्यायची मुंडकीबी उडाली म्हन्तात. ते सांगितलं का तुमच्या सायबानं?"

तरी अर्ज मी भरलाच. सूचक म्हणून सही तिनंच केली.

आमच्या जठारपेठ प्रभागात माझ्यासमोर खरा तगडा उमेदवार एकच होता, भाजीबाजारातला एक अडत्या. गंमत म्हणजे तो माझाच जुना अशील. मळ्याच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, त्याचा दावा मी सात-आठ वर्षं चालवत होतो, आणि तारखेला येताना तो मेथीची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पिशवी आणायला कधी विसरला नाही. उभं राहण्याआधी तो माझी परवानगी मागायला आला होता. मीही मोठ्या मनानं दिली. म्हटलं, लढ बाबा, लोकशाही आहे.

छाननीच्या दिवशी तिसऱ्याच एका उमेदवारानं त्याच्या अर्जावर हरकत घेतली. सूचकाचा मतदारयादीतला क्रमांक चुकला होता. अर्ज बाद झाला असता तर माझी वाट मोकळीच होती. मी खुर्चीत जरा आरामात टेकलो, तेवढ्यात हा गडी घामाघूम होऊन माझ्याजवळ आला.

"वकीलसायेब, आता मी कोनाकडे जाऊ? माये वकील त तुमीच ना."

वकील म्हटलं की माझं अंग आपोआप उठतं. मी उभा राहिलो. लिहिण्यातल्या किरकोळ चुकीवरून अर्ज फेटाळता येत नाही, हे नियमानिशी सांगितलं. तिथंच थांबायचं होतं, पण थांबतो कुठला? हा माणूस रात्री-बेरात्री गल्लीतल्या लोकांसाठी दवाखान्यात धावतो, नळाला पाणी नसलं तर स्वतः टँकर घेऊन येतो, अशा माणसाला एका आकड्यापायी मैदानाबाहेर काढणार का, असंही बोलून गेलो.

निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही नक्की कोणाचे?"

"अशिलाचा, साहेब."

अर्ज मंजूर झाला. इतका आनंद मला स्वतःचा अर्ज मंजूर झाल्यावरही झाला नव्हता. बायको मात्र शेजारच्या खुर्चीत दातओठ खात बसली होती.

प्रचार मी जीव तोडून केला. मला निवडून यायचं होतं, अगदी मनापासून. नगरसेवकाची पाटी कुठं लावायची तेही ठरवून ठेवलं होतं. आणि माझ्याच अशिलापुढं थोडक्यात पडलो. अगदी थोडक्यात, म्हणून जास्त झोंबलं.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी म्हणालो, "आपल्या गल्लीनं तरी साथ द्यायला पाहिजे होती."

बायकोनं कप खाली ठेवला.

"गल्लीले दोष देऊ नका. छाननीवरून आली तवा मी लई तापली होती. गल्लीतल्या बुद्धविहारात जाऊन साऱ्या बायायपाशी तुमची तक्रार केली. म्हटलं, पाहा ह्या मानसाले, दुसऱ्याचेच गुन गाऊन राहिला."

"मग?"

"मंग त्या म्हने, वकीलसायेब काही खोटं बोलनार नाही. ते सोता म्हन्तात त मानूस चांगलाच असन."

मला हसू आवरेना. आयुष्यात इतका बिनतोड युक्तिवाद मी केला नव्हता, आणि तो नेमका स्वतःविरुद्ध लागू पडला होता.

"आणि तू?" मी विचारलं. "तू मत कोणाला दिलं?"

ती कप उचलून आत जायला निघाली. दारातून म्हणाली, "मी काय गल्लीबाहेरची हाय काय?"

उलटतपासणी मी तिथंच थांबवली.