रुमालाखालचा हात

गुरांच्या बाजारात खरा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, घेणारा आतून देणाऱ्याची बोटं धरतो, आणि जितकी बोटं धरली तितका भाव. भोवती गर्दी असली तरी कोणाला काही दिसत नाही. सावद्यापासून धुळ्यापर्यंत मी उभं आयुष्य हाच धंदा केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून दुसऱ्यांची गुरं पायी हाकत आणायचो, तिथून सुरुवात. शिक्षण नव्हतं, भांडवल नव्हतं. उजवा हात होता.

पिकअपमध्ये बैल चढवताना मागच्या फाळक्याचा पत्रा त्याच हाताच्या मनगटावर आला. धुळ्याला ऑपरेशन झालं, जखम भरली. बोटं हलायची, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं परक्याची असल्यासारखी. चहाचा ग्लास गरम होता हे फोड आल्यावर कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, तुटलेली नस जोडली आहे, पण स्पर्श किती परत येईल याचा भरवसा नाही.

हे मी बाजारात कोणाला सांगितलं नाही. पण पारोळ्याकडचा एक दलाल आहे, माझ्याच वयाचा, कायम हसऱ्या तोंडाचा. माझ्या चिमटीतून तंबाखू सांडताना त्याने पाहिलं. पुढच्या बाजारी त्याने माझ्या बैलजोडीच्या सौद्याला रुमाल टाकला. तीन बोटं धरली असं मला वाटलं आणि मी मान हलवली. रुमाल निघाल्यावर तो म्हणाला, "दोनवर सुटली जोडी." रुमालाखाली साक्षीदार नसतो आणि हललेली मान मागे घेता येत नाही. लोक हसले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, त्याच रुमालाखाली परत हात घालायचा आणि त्याला उघडा पाडायचा. डावा हात चालत नाही. डाव्या हाताने कोणी सौदा करत नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनीच जळगावच्या एका कॉलेजात पाठवलं. तिथे तीन खात्यांचे तिघं मिळून काम करत होते. इलेक्ट्रॉनिक्सचे एक तरुण सर, केमिस्ट्रीच्या एक वयस्क मॅडम आणि बायोलॉजीच्या दुसऱ्या मॅडम. केमिस्ट्रीच्या मॅडमनी लसणाच्या पापुद्र्याइतकी पातळ, मऊ टोपणं बनवली होती, बोटांवर चढवायची. दाब पडला की त्यांच्यातून जाणारा करंट बदलायचा. सरांचं यंत्र तो बदल ओळखून कोपराखालच्या पट्ट्याला सांगायचं, आणि प्रत्येक बोटासाठी पट्ट्यातला एक मणी थरथरायचा. तिथली कातडी माझी शाबूत होती. बायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "रोज सराव केलात तर मेंदू त्या थरथरीलाच बोट समजायला लागेल." हे सगळं महारोगात किंवा साखरेच्या आजारात ज्यांचे हात बधिर होतात आणि चुलीवर भाजतात, त्यांच्यासाठी चाललं होतं.

घरी बायको म्हणाली, "बैलाचे दात बघतात तसे तुम्हाला बघून राहिले ते."

पण दोन महिन्यांत ती थरथर खरंच बोटात शिरली. डोळे बांधून सर माझी बोटं धरायचे आणि मी बरोबर सांगायचो. मग मी मुद्द्यावर आलो.

"येत्या बाजारी हे मला न्यायचं आहे."

"भाऊ, हे अजून चाचणीत आहे," सर म्हणाले. "खोलीबाहेर जात नाही."

"मग मीही खोलीत येत नाही."

चपला घालून मी जिना उतरलो. माझ्यासारखा हात आणि इतका सराव करणारा माणूस त्यांना दुसरा मिळाला नव्हता, हे मी केव्हाच ताडलं होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. वरच्या समितीची परवानगी काढू, एक जण सोबत येईल, यंत्र त्याच्या नजरेसमोर राहील. मी कबूल केलं.

सोबत बायोलॉजीच्या मॅडम आल्या. शेणातून नीट पाय टाकत, तोंडाला ओढणी बांधून त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी त्या दलालाला हाक मारली. त्याने रुमाल टाकला, माझी बोटं धरली आणि लगेच सोडली.

"हाई काय घालेल शे बोटले?"

रुमाल बाजूला झाला, बोटांवर घातलेली टोपणं सगळ्यांना दिसली. माणसं जमली. "यंत्र लावून आलाय म्हातारा," कोणीतरी म्हणालं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, तू माझी मेलेली बोटं धरलीस तेव्हा तुला लाज वाटली नाही, आता यंत्राची वाटते का. हातघाईवर आलं असतं, पण मॅडम मध्ये पडल्या आणि त्यांनी त्याला शांतपणे यंत्र दाखवलं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, म्हणजे याला काय काय कळतं?"

"किती बोटं धरली आणि किती जोरात. एवढंच."

"माझा हात गरम आहे का गार, ते?"

"नाही."

"घाम आलाय का, ते?"

"तेही नाही."

तो हसला. "मग चालेल आबाचं यंत्र. टाका रुमाल."

सौदा झाला. बोटं मी बरोबर ओळखली, त्यालाही फसवता आलं नाही. मॅडमचा चेहरा फुलला होता. माझा जळत होता. बोटं म्हणजे भाव, पण समोरच्याची शेवटची पायरी कुठे आहे हे त्याच्या तळहाताच्या घामावरून कळतं. जास्त द्यायची तयारी असूनही माणूस ताणायला लागला की आधी त्याचा हात ओला होतो. मी किती वर सरकू शकलो असतो ते मला कळलं नाही, आणि मला ते कळणार नाही म्हणूनच त्याने यंत्राला परवानगी दिली होती.

परतताना गाडीत मी मॅडमना म्हटलं, "ओल आणि ऊब का नाही घातली यात?"

"मी पहिल्याच बैठकीत मागितली होती," त्या म्हणाल्या. "कातडीत त्यासाठी वेगळे तंतू असतात. पण ते दोघं म्हणाले, आधी दाब तरी जमू दे. मी मान्य केलं."

"पहिल्या बैठकीतच भाव सोडलात तुम्ही."

पुढच्या बैठकीत मात्र बायोलॉजीच्या मॅडम त्या दोघांशी माझ्यापेक्षा जोरात भांडल्या. केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणत होत्या, ओल लागली की हा पदार्थ फुगतो आणि दाबाचा हिशेब चुकतो. सर म्हणत होते, एका तारेतून तीन गोष्टी आल्या तर गोंधळ होईल. शेवटी वेगळा थर लावायचं ठरलं.

नवी टोपणं आली ती भर उन्हाळ्यात. सरांनी टेबलावर रुमाल टाकला, खोटाखोटा सौदा मांडला. त्यांनी दोन बोटं धरली. पट्ट्यातला ओलीचा मणी थरथरायला लागला. मी खूश झालो. म्हटलं, "सर, घाबरलात तुम्ही. तीन करा." मणी आणखी थरथरला. "चार करा."

केमिस्ट्रीच्या मॅडमनी रुमाल उचलला, सरांचा तळहात टिपकागदाने पुसला. कागद कोरडा होता. मग त्यांनी माझ्या बोटावरचं टोपण उलटं करून दाखवलं. आतून चिंब.

"भाऊ, घाम तुमचा आहे."

मी म्हटलं, जळगावचं ऊन आहे, तुमचा पंखा नुसता कुरकुरतो. केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, बाहेरची ओल आणि आतली ओल वेगळी धरायची तर मध्ये पाणी न सोडणारा पडदा लागेल, तोही तितकाच पातळ. मॅडमनी सहा महिने मागितले. मी तीन म्हटलं. मग चार म्हटलं. त्या सहावरच. आवाज चढवून पाहिला, चपला घालून पाहिल्या. त्यांनी माझा चहा झाकून ठेवला आणि कामाला लागल्या. मी परत येऊन तो गार चहा प्यायलो.

आता दर बाजारी जातो. बायोलॉजीच्या मॅडम सोबत असल्या की दाबाची टोपणं घालून छोटे सौदे करतो. तो दलाल परवा समोर आला, त्याने माझ्या जोडीभोवती एक फेरी मारली आणि खांद्यावरचा रुमाल काढला.

"काय आबा, टाकू?"

"तुला नाही विकायची."

"भ्याला का?"

"भाऊ," मी म्हटलं, "नवी टोपणं येऊ दे. तोवर हात कोरडा ठेवायला शीक."