बदलीवरचे भाऊजी

आमच्या थोरल्या दिरांच्या तावडीतून बेकार माणूस सुटला, असे परदेशीपुऱ्यात कधी घडले नाही. नोकरी हवी असो वा नसो, ते ती लावून देत. अपवाद एकच, ते स्वतः. मिलच्या टाइम ऑफिसात इतरांची हजेरी मांडण्यात त्यांची हयात गेली, आणि मिलला टाळे लागल्यावर त्यांनी सगळ्या गल्लीची हजेरी मांडायला घेतली. घरात पगार येई तो माझ्या शाळेचा आणि यांच्या वीज मंडळाचा. गल्लीला रोजगार दिल्याचा मान मात्र भाऊजींचा.

तेव्हा इंदुरात एकेका मिलचा भोंगा बंद पडत होता. मिलमधून पगार निघत नव्हता, अनंत चतुर्दशीला देखाव्यांची झांकी तेवढी निघायची. दुसरीकडे काचेची शोरूम उघडत होती, कुरियरची ऑफिसे उघडत होती. ओट्यावर बसून सरकारच्या धोरणावर वाद घालणाऱ्यांचा भाऊजींना राग येई. "पॉलिसी नंतर सांगा, माणसं किती लागतात ते बोला," एवढेच त्यांचे अर्थशास्त्र. लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे न बघता ते कारखानदार हेरत. एका लग्नात त्यांनी सांवेर रोडच्या एका प्लॅस्टिकवाल्याला जिलबीच्या कढईपाशी गाठले आणि पॅकिंगला दोन माणसे घ्यायचे कबूल करेपर्यंत त्याला ताटाजवळ जाऊ दिले नाही. जिलबी गार झाली, माणसे लागली. बँकेतल्या एका शिपायाच्या उठावण्याला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या शोकबैठकीला, तर कहरच केला. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि भाऊजी मृताच्या साहेबाच्या कानाशी लागून विचारतात, "जगह कब तक भरेंगे?" पुरुषांना पदर नसतो, नाहीतर मी त्यांना ओढतच बाहेर आणले असते.

नोकरी लावणे त्यांना जमे. ती टिकवणे आमच्या गल्लीला जमत नसे. समोरचा जगन्नाथ हा त्यातला मेरुमणी. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होता. हात सोन्याचा, पण साच्याबाहेरच्या जगाची अक्कल शून्य. भाऊजींनी त्याला कुरियरमध्ये लावले. थोड्याच दिवसांत त्याला नात्यातल्या लग्नाला जायचे निघाले, तेव्हा त्याने रजा न मागता आपल्या जागी मेहुण्याला पाठवून दिले. मिलमध्ये रीतच होती तशी. तुम्ही आजारी पडलात, गावी गेलात, की तुमच्या जागी बदली कामगार उभा राही. साचा थांबला नाही म्हणजे कोणाचे काही बिघडले नाही. मेहुण्याने इमानदारीने दिवसभर सायकल मारली, एक पाकीट चुकवले नाही, आणि संध्याकाळी मालकाने दोघांनाही हाकलले. "काम तर झालं ना, भिया?" जगन्नाथ भाऊजींना विचारत राहिला. त्याला कळले नाही ते ठीक, भाऊजींनाही कळले नाही. त्यांच्या मते मालक अडाणी होता.

मग एका मोटारींच्या शोरूमच्या गेटवर जगन्नाथला उभे केले. या वेळी त्याच्या बायकोने घरातली भांडी बांधूनच ठेवली होती. ही नोकरी गेली तर दोन्ही पोरींची नावे शाळेतून काढून ती देपालपूरला माहेरी जाणार होती, ती कायमची. थोरली माझीच विद्यार्थिनी होती. गणितात चांगली होती, म्हणून मलाही काळजी. आणि नेमकी जगन्नाथला कावीळ झाली. मॅनेजरने सांगून टाकले, गेट रिकामे दिसले तर दुसरा माणूस बघतो.

भाऊजींनी जगन्नाथचा युनिफॉर्म चढवला. पँट घोट्याच्या वर, टोपी कानापर्यंत. या वेळी मॅनेजरची परवानगी आधी घेतली, एवढीच सुधारणा. गेटवर उभे राहून मोटार घ्यायला आलेल्या शेटजींना ते "आपके यहाँ आदमी लगते हैं क्या?" असे विचारू लागले, आणि उशिरा येणाऱ्या सेल्समनना घड्याळ दाखवू लागले. टायवाली पोरे मुकाट्याने वेळेवर यायला लागली.

एकदा ते चष्मा घरीच विसरले, तो द्यायला मी शाळेतून परस्पर गेले. तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. "दादाजी, जगन्नाथ को रहने दो. आप ही पक्के हो जाओ." मी दोन पावलांवर उभी. मनात म्हटले, सुटलो एकदाचे. मिलचा हिशोब कोर्टात अडकलेला, भाऊजींच्या चपलेचा अंगठासुद्धा माझ्या पगारातून शिवला जात होता. मी डोळे वटारून 'हो म्हणा' असे सांगत होते. भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली.

"सर, बदलीवाला जगह नहीं लेता."

"मतलब?"

"मतलब जिसकी जगह है, वो आएगा. तब तक मैं हूँ."

लूनावरून परत येताना मी सगळा रस्ताभर त्यांना सुनावले. घरची नोकरी लाथाडून गल्लीची राखायला निघालेत, म्हटले. मागे बसून ते ऐकत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "सुधा, मी ती जागा घेतली असती, तर उद्यापासून आपल्या गल्लीत आजारी पडायची हिंमत कोणी केली असती?" माणसे हिंमत करून आजारी पडत नाहीत, असे मी ठणकावले.

जगन्नाथ डोळे पिवळे असतानाच गेटवर परतला आणि पुढे पक्का झाला. भांडी सुटली. थोरलीने गणितात, माझ्याच विषयात, नाव काढले.

बऱ्याच वर्षांनी भाऊजींना लकवा मारला. वाचा गेली, एक बाजू गेली. यांची ड्यूटी तेव्हा उज्जैनला, माझ्या शाळेत परीक्षा, रजा मिळेना. पहिल्याच सकाळी हॉस्पिटलात मी शाळेला काय कळवावे या विचारात असताना जगन्नाथ डबा घेऊन आला. "वहिनी, तुम्ही स्कूलला निघा. बदलीवर मी आहे." दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकवाल्याकडचा एक आला, तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. पाळ्या त्यांनी आपसात लावल्या होत्या. मला कोणी विचारले नाही, आणि परीक्षा संपेपर्यंत माझी एक हजेरी चुकली नाही. भाऊजी आलेल्या माणसाकडे आधी बघत नसत. आधी भिंतीवरचे घड्याळ बघत, मग त्याच्याकडे. उशीर झाला असेल तर चांगल्या डोळ्याने असे रोखत की माणूस कारणे सांगू लागे.

ते गेले त्या सकाळी पाळी जगन्नाथची होती. डॉक्टर नुकतेच चादर ओढून गेले होते. तो स्टूलवर बसला नाही, दारातच उभा राहिला. त्याने घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "मी टाइमावर आलो होतो."